चौथा विषय सोडताय? गणित-बायोच्या घोळात या चुका टाळा

गणपती उठले की मला फोन सुरू होतात. अकरावीच्या पहिल्या चाचणीचे मार्क तोवर घरी पोचलेले असतात. "सर, पोरगी म्हणतीय गणित सोडते. सोडू द्यावं का?" कधी गणिताच्या जागी बायो असतं, एवढाच फरक. सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायो असे चार विषय घेतलेल्या पोरांचा हा प्रश्न. सोलापुरात मी बरीच वर्षं फिजिक्सच्या शिकवण्या घेतोय. गणितवाले सर सांगणार गणित ठेवा, बायोच्या मॅडम सांगणार बायो ठेवा. दोघांचं पोट त्याच्यावर आहे. फिजिक्स कुणालाच सोडता येत नाही, त्यामुळं मी तसा तटस्थ माणूस.

सोडावं की ठेवावं याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण निर्णय घेताना लोक चुकतात ते ठरलेल्या जागांवर. त्या जागा सांगतो.

"सोडलं की पाच विषय उरतात"

उरत नाहीत. राज्य मंडळात दोन भाषा धरून सहा विषय लागतातच. गणित सोडलं तर त्या जागी भूगोल किंवा कॉलेजात असेल तो दुसरा विषय घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही विषय सोडत नाही, बदलता. भूगोलाचाही 80 मार्कांचा पेपर असतो आणि 20 मार्कांचं प्रात्यक्षिक. नकाशे काढायचे, जर्नल पुरं करायचं. गणिताइतका वेळ तो खात नाही हे खरं, पण फुकटही मिळत नाही.

हा गैरसमज येतो तो यूट्यूबवरून. तिथं सल्ला देणारे बहुतेक सीबीएसईच्या पोरांशी बोलत असतात. सीबीएसईत पाच विषय मुख्य आणि सहावा जादा. जाद्यात गडबड झाली तरी निकाल तरतो. आपल्याकडं सहाच्या सहा विषयांत पास व्हावं लागतं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे 'नीट'च्या नादात गणिताकडं बघायचंच नाही, पण "असू दे की, नंतर उपयोगी पडेल" म्हणून नाव तेवढं ठेवायचं, हा प्रकार आपल्या मंडळात धोक्याचा आहे. गणितात 35 च्या खाली गेलात तर बारावी नापास. मग 'नीट'चा स्कोअर कितीही चांगला असू दे, पुरवणी परीक्षेच्या निकालाकडं डोळे लावून बसायचं. ठेवायचं असेल तर अभ्यासायचं. अर्धवट ठेवण्यापेक्षा सोडलेलं बरं, हे माझं स्पष्ट मत.

मार्क बघून ठरवणं

सगळ्यात जास्त पोरं इथं चुकतात. पहिल्या चाचणीत गणितात 25 पैकी 7 पडले, की रात्री जेवताना घरात बैठक बसते. दहावीला नव्वदच्या वर मार्क असलेल्या पोराला अकरावीचं गणित पहिले तीन महिने आपटतंच. त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, सगळं एकदम अंगावर येतं. ते सात मार्क एवढंच सांगतात की पोरगं अजून रुळलेलं नाही.

मार्कांऐवजी तास मोजा. दोन वर्षांपूर्वी मंद्रूपहून एक मुलगी एसटीनं यायची. डॉक्टर व्हायचं पक्कं, विषय चारही. आई घेऊन आली तेव्हा मी वहीचं मागचं पान फाडलं आणि तिला म्हटलं, सोमवार ते रविवार लिही. सकाळी सहाला घर सोडायचं, कॉलेज, मग सात रस्त्याला क्लास, डबा क्लासच्या जिन्यातच खायचा, विजापूर रोडनं परत, घरी पोचेस्तोवर सात. आईला भाकऱ्या करू लागायचं काम पण तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. ते ऐकून आईनं पदर सारखा केला, बोलल्या काही नाहीत. बेरीज केली तर आठवड्याला स्वतःच्या अभ्यासाला हाती लागत होते 19 तास. त्यातले नऊ गणिताचं गृहपाठ खात होतं. बायोला तीन.

आता 'नीट'चा हिशोब बघा. 720 मार्कांत बायो 360, फिजिक्स 180, केमिस्ट्री 180. निम्मे मार्क ज्या विषयाचे त्याला तीन तास, आणि ज्याचा एकही मार्क नाही त्याला नऊ. त्या पानावर मला काही बोलावंच लागलं नाही. तिनंच पेन ठेवलं आणि म्हणाली, "भूगोल घेते, सर."

गंमत म्हणजे तिला गणितात मार्क बरे होते. मार्क बघून ठरवलं असतं तर तिनं ते सोडलंच नसतं.

तुम्हीही असं पान करा. आठवडाभर खरं लिहा, मोबाईलसकट. एका पोरानं बायो सोडलं आणि मोकळे झालेले तास सगळे क्रिकेटच्या गेममध्ये गेले. तिथं विषयाचा काय दोष?

दारं न मोजता सोडणं

"इंजिनिअरिंगला गणित, मेडिकलला बायो" एवढ्यावर बहुतेकांची माहिती संपते. मधल्या वाटा कुणी बघत नाही.

राज्यात इंजिनिअरिंगला बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) ग्रुपमध्ये 200 पैकी 100 मार्क एकट्या गणिताचे, तिथं सवलत मागून उपयोग नाही. आर्किटेक्चरलाही गणित लागतं. सैन्यात अधिकारी व्हायला एनडीएचं स्वप्न असेल तर गणिताला हात लावू नका; लेखी परीक्षेत 300 मार्कांचा स्वतंत्र गणिताचा पेपर असतो, आणि हवाई दल, नौदलासाठी बारावीला फिजिक्स-गणित असावंच लागतं. संख्याशास्त्र किंवा गणितात बीएस्सी करायची तर वेगळं सांगायला नको.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, व्हेटर्नरी, बीएस्सी नर्सिंग ही सगळी बायोची दारं.

दोन्हीकडून उघडणारी दारंही आहेत. बी. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायो, काहीही चालतं. बीएस्सी ॲग्रीलाही दोन्ही ग्रुपची पोरं जातात. डाळिंबाच्या पट्ट्यात राहणाऱ्या, केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र जाता-येता बघणाऱ्या पोरांना ॲग्री करायची असते आणि ती "बायो नाही म्हणून होणार नाही" असं समजून गप्प बसतात. असं कुणी भेटलं की मला वाईट वाटतं, कारण एक फोन केला असता तर कळलं असतं.

आयसरकडं, म्हणजे केंद्राच्या विज्ञान संशोधन संस्थांकडं डोळा असणारी दोन-चार पोरं असतात दरवर्षी. त्यांच्या परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न येतात. जमत असेल तर त्यांनी काही सोडू नये.

आणि ज्याचं काहीच ठरलेलं नाही? त्यानं अकरावी तरी चारही ठेवावेत. सतरा वर्षांच्या पोराचं ठरलेलं नसणं हा काही आजार नव्हे. मात्र बारावीच्या तोंडावर एक बाजू धरावी. सीईटीचे दोन्ही ग्रुप देता येतात म्हणून दोन्ही द्यायचे आणि दोन्हीकडं अर्धवट स्कोअर करायचा, हे मी फार बघितलंय.

"गणित सोडलं, आता आकडेमोड संपली"

हे माझ्या विषयात येऊन कडेलोट होतं, म्हणून जरा रागानं लिहितो. अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात दुसरा धडाच 'गणितीय पद्धती' आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह, थोडं इंटिग्रेशन. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉग लागतो. पीसीबीची (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोची) पोरं बायोला बहुधा चांगली असतात. 'नीट'मध्ये त्यांचा घात होतो फिजिक्समध्ये. गणित सोडणाऱ्यानं एवढं हत्यार तरी घासून ठेवायचं: लॉग टेबल, त्रिकोणमितीची मूळ सूत्रं, सोपं डिफरन्सिएशन, आलेखाचा चढ. रोज अर्धा तास, दोन महिने. बास.

चुकीच्या वेळी सोडणं

दिवाळीच्या आत, अकरावीत बदल केला तर नवीन विषयाचं फार बुडत नाही. बारावीच्या सुरुवातीला बदल करायचा तर कॉलेजमार्फत रीतसर अर्ज करावा लागतो आणि नव्या विषयाची अकरावी स्वतःच भरून काढावी लागते. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे बारावीचा डिसेंबर. परीक्षेच्या अर्जात विषय गेलेले असतात, सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा तोंडावर असते, जत्रेचे पाळणे होम मैदानावर असतानाच प्रात्यक्षिकांच्या तारखा येतात. त्या वेळी "सोडू का?" विचारणाऱ्याला मी एकच सांगतो: आता पास होण्यापुरतं कर. सोपी प्रकरणं निवड, गणिताचे अंतर्गत 20 मार्क पदरात पाड.

सोडून झालं, आता पस्तावा होतोय

होतं असं. बारावी पास झाल्यावर एखादाच विषय घेऊन परीक्षेला बसता येतं. मंडळाच्या भाषेत 'तुरळक विषय'. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं मान्य केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो पास झालेलेही 'नीट'ला पात्र. म्हणजे दार कायमचं बंद होत नाही, पण वर्ष जातं, आणि प्रात्यक्षिकासकट सगळं करावं लागतं. फी भरण्याआधी ज्या कोर्सला जायचंय त्याच्या माहितीपुस्तिकेतली पात्रतेची ओळ स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. यात मीही आलो.

कागद न बघणं

माझ्या पुतणीचं उदाहरण. अकरावीत गणित सोडलं, अर्ज दिला, वर्षभर भूगोलाच्या तासाला बसली. बारावीच्या परीक्षेच्या अर्जाची प्रिंट सहीला आली तेव्हा त्यात गणित तसंच. कॉलेजचं नाव घेत नाही. अर्ज कुठल्याशा फायलीत पडून राहिला होता. तिनं सही करून टाकली होती, मैत्रिणीनं लक्षात आणून दिलं. दुरुस्तीसाठी माझ्या भावाचे चार हेलपाटे झाले.

म्हणून बदलाच्या अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आणि प्रिंट हातात आली की विषयांच्या नावांशेजारचे संकेतांक बघा. 40 म्हणजे गणित, 56 म्हणजे बायो. सोडलेल्या विषयाचा आकडा तिथं दिसला, तर पेन खिशात ठेवा आणि पोच घेऊन तसंच क्लार्कच्या टेबलाशी जा.