आईवडिलांसाठी डे केअर शोधताय? या चुका टाळा

पहिली गोष्ट, महापालिकेचं विरंगुळा केंद्र म्हणजे डे केअर नव्हे. तिथे पेपर वाचायचा, कॅरम खेळायचा, राजकारणावर भांडायचं आणि जेवायला घरी यायचं. ज्यांना आपलं सगळं स्वतः करता येतं त्यांच्यासाठी ते झकास आहे, पण तिथे कुणी गोळी देत नाही आणि कुणी गेटबाहेर चालू लागलं तर अडवतही नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असेल तर तशी माणसं सांभाळणारंच केंद्र हवं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने तसं काम केलंय, अल्झायमरसाठी (तो डिमेन्शियाचाच एक प्रकार) एआरडीएसआय ही संस्था आहे, चौकशी तिथून सुरू करा. काहीच सुचत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे. आणि उलटही करू नका, डोकं तल्लख पण गुडघे गेलेत अशा माणसाला दिवसभर डिमेन्शियावाल्यांत बसवलं तर तो घरी येऊन तुमच्याशी बोलणारच नाही.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार, फसवून नेणं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मुलाने "बँकेत जाऊ, पेन्शनचं काम आहे" म्हणून गाडीत बसवलं आणि थेट सेंटरवर सोडून हा ऑफिसला. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, विसरायला लागले होते पण वेडे नव्हते. दिवसभर चप्पल घालून दाराशी बसून राहिले, जेवले नाहीत. सेंटर तर सुटलंच, पण पुढे नोव्हेंबर आला, हयातीचा दाखला द्यायचा, आता खरोखरच बँकेत जायचंय तर काका गाडीत बसेनात! सुनेने समजावलं, नातवाने समजावलं, काका ढिम्म. शेवटी पोस्टमनला घरी बोलावून डिजिटल दाखला काढला. एवढं सगळं कशाने, तर आधी चार दिवस बोलायला वेळ नव्हता म्हणून. खरं सांगा, आधी नुसतं चहाला घेऊन जा, तुम्हीही तिथेच बसा, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. आणि तिसऱ्या दिवशी "बाबा रमत नाहीत हो" म्हणून फोन करणाऱ्यांनो, तुम्ही तरी नव्या ऑफिसात तीन दिवसांत रमला होतात का? दोन-तीन आठवडे द्या.

सेंटर बघायला सकाळी ११ला जाऊ नका. तेव्हा भजन, व्यायाम, टाळ्या, सगळं छानच दिसतं. मी दुपारी ३ला जाते, न कळवता. जेवणं झालेली, मावश्या पेंगतायत, टीव्ही चालू, तेव्हा कुणी "बाथरूमला जायचंय" म्हटलं तर कोण उठतं आणि किती वेळाने, ते बघायचं. मग ते बाथरूम बघायचं. कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, फरशी ओली आहे का, कडी बाहेरून उघडते का. ब्रोशर नंतर वाचा, नाही वाचलं तरी चालेल.

गोळ्यांची पिशवी तशीच हातात देऊ नका. कुठली जेवणाआधी कुठली नंतर ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. पार्किन्सनच्या गोळीची वेळ तर अजिबात चुकवून चालत नाही.

फी विचारताना व्हॅन, डायपर, जेवण त्यात धरलंय का तेही विचारा. पडले तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार, ते लिहून घ्या.

आणि सुटायची वेळ. सेंटर ५ला बंद, तुम्ही घरी ७ला, मधले दोन तास कोण? डिमेन्शियात बऱ्याच जणांचा गोंधळ नेमका संध्याकाळी वाढतो, घरातच "मला घरी जायचंय" सुरू होतं. त्या दोन तासांची बाई आधी ठरवा, मगच सेंटरचा फॉर्म भरा.