बागेतलं मोडकं खेळणं, बंद दिवा, वठलेली फांदी: तक्रार कशी करावी, म्हणजे काम होतं

झोपाळ्याची साखळी सहसा मधे कुठे तुटत नाही. वरच्या आडव्या पाइपाला ती ज्या हुकात अडकवलेली असते, तो हूक घासून घासून झिजतो आणि एक दिवस सुटतो. मी पूर्वी ज्या शहरात राहत होते, तिथल्या बागेत भाचीला झोका देताना करकर आवाज आला म्हणून वर पाहिलं. बोटाएवढा जाड हूक एका बाजूने पेन्सिलीइतका उरला होता. त्याच संध्याकाळी तक्रार टाकली: "बागेतील खेळण्यांची दुरवस्था झाली आहे, कृपया लक्ष घालावे." तीन दिवसांनी निरोप आला, तक्रारीचे निराकरण झाले. जाऊन पाहिलं तर घसरगुंडीचा निखळलेला पत्रा ठोकलेला होता आणि झोपाळा तसाच होता. पाना घेऊन आलेल्या माणसाला नेमकं कुठे जायचं, हे माझ्या तक्रारीत नव्हतंच. तेव्हापासून मी तक्रार त्या माणसासाठी लिहिते.

आधी बाग कोणाची ते पाहा

फाटकावरची पाटी वाचा. पुण्याचं उदाहरण घेऊ. सारसबाग, संभाजी उद्यान, पु. ल. देशपांडे उद्यान ही महापालिकेची. एम्प्रेस गार्डन मात्र ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते, आणि पाचगाव-पर्वतीचं वनक्षेत्र वन विभागाकडे आहे. चुकीच्या दारात टाकलेली तक्रार इकडून तिकडे वर्ग होत राहते. गृहनिर्माण सोसायटीच्या मालकीच्या मोकळ्या जागेचंही तेच.

मग माळीकाकांशी बोला

गळका नळ, तुंबलेली मोरी, अडकलेलं फाटक अशी कामं माळी किंवा रखवालदार मिस्त्रीला सांगून करवून घेऊ शकतात. त्यांना एवढंच विचारा, "काका, याचं काम कोण बघतं?" पुढे तक्रारीत लिहायला योग्य खातं तिथेच कळतं. आणि कृपा करून त्यांच्यावर आवाज चढवू नका. बाग तेच रोज झाडतात, पण सुट्या भागांची खरेदी त्यांच्या हातात नसते.

धोका असेल तर वाट पाहू नका. झोपाळा मोडायला आला असेल तर साखळ्या वरच्या पाइपाला गुंडाळून ठेवायला रखवालदाराला सांगा, म्हणजे मुलं बसणार नाहीत. मोठी फांदी लोंबकळत असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा. पावसाळ्यात दिव्याच्या खांबाचं झाकण उघडं असून वायर बाहेर आली असेल, तर जवळ जाऊ नका. मुलांना लांब करा आणि रखवालदाराला तो वीजपुरवठा बंद करायला लावा.

तक्रार लिहिताना

एका तक्रारीत एकच गोष्ट, हे मी कधीच मोडत नाही. दिवा, झोपाळा आणि स्वच्छतागृह एकत्र लिहिलंत की त्यातलं एक काम होतं आणि तिन्हींची तक्रार बंद होते. दिवे बहुधा विद्युत विभागाकडे, झाडं आणि खेळणी उद्यान विभागाकडे, कचरा आरोग्य निरीक्षकाकडे असतो.

फोटो तीन काढा. एक लांबून, ज्यात फाटक किंवा एखादी ओळखीची खूण येईल, एक मधून, एक अगदी जवळून, शेजारी नाणं किंवा पेन धरून, म्हणजे भेगेचा आकार कळतो. फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नका.

मजकूर असा असावा: "मुख्य फाटकातून आत गेल्यावर उजवीकडच्या झोपाळ्यांच्या रांगेतील दुसरा झोपाळा. डाव्या साखळीचा वरचा हूक निम्म्याहून अधिक झिजला आहे. मूल बसलेले असताना सुटू शकतो. हूक बदलावा, तोपर्यंत झोपाळा बांधून ठेवावा." काय, कुठे, काय होऊ शकतं, काय करावं. रागाचं वाक्य घातलं नाही तरी चालतं.

द्यायची कुठे

पुण्यात पीएमसी केअर ॲप आहे आणि १८०० १०३० २२२ हा टोल-फ्री क्रमांक. मुंबईत १९१६. टोकन नंबर लिहून ठेवा. काम मोठं असेल तर मी कागदी अर्जही देते: दोन प्रती, एक क्षेत्रीय कार्यालयात, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख. ही पोच पुढे फार उपयोगी पडते.

झाड वठलं असेल तर स्वतः किंवा माळ्याला पैसे देऊन तोडू नका. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरी भागात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज त्यांच्याच नावे करा. नवीन बाक किंवा नवा दिवा हवा असेल तर ती तक्रार होत नाही, मागणी होते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. दरवर्षी त्याचे अर्ज मागवतात, तेव्हा तिथे नोंदवा.

काम न करता तक्रार बंद झाली तर

त्याच जागी उभं राहून त्याच कोनातून नवा फोटो काढा आणि जुन्या टोकन नंबरासह पुन्हा पाठवा. सोबत एक प्रश्न जरूर विचारा: हे काम दोषदायित्व कालावधीत आहे का? जॉगिंग ट्रॅक किंवा ओपन जिम नवी असेल, तर ठरावीक काळ दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. फार कमी लोक हे विचारतात. या एका प्रश्नाने 'निधी नाही' हे उत्तर बऱ्याचदा बाजूला पडतं.

तरीही हलत नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिथे उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत ठेवलेली आहे. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच हवा. "दुरुस्ती का केली नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. देखभालीच्या ठेक्याचा कार्यादेश, दोषदायित्वाची मुदत आणि पाहणीच्या नोंदींची प्रत मागा.

माझ्या झोपाळ्याची दुसरी तक्रार वरच्यासारखी लिहिली होती. चौथ्या दिवशी शिडी घेऊन दोघं आले. मी तिथेच होते, म्हणून शेजारचे तीन झोपाळेही बघायची विनंती केली. एकाचा हूक त्यांनी लगेच बदलला.