कथेत सोलापूर उभं करायचं तर

मुंबई-पुण्याबाहेरचं शहर मराठी कथेत बहुधा नायकाला गाडीत बसवून देण्यापुरतं येतं. तिथे माणसं राहतात असं वाटायला हवं असेल, तर देवळापासून किंवा तलावापासून सुरुवात करू नका, कामापासून करा. सोलापूरच घ्या.

घरी विडी वळणारी बाई हे पात्र असेल, तर आधी तिचा दिवस कागदावर मांडा. कारखान्यातून पानं-तंबाखू आणणं, पानं भिजवणं, मापाने कात्रीने कापणं, वळणं, दोऱ्याने बांधणं आणि माल परत नेऊन देणं. मजुरी हजारी, विड्या नापास झाल्या की हजार भरत नाहीत. संवाद या कामाच्या अधेमधे बसवा. हात गुंतलेली बाई लांबलचक वाक्यं बोलत नाही, आणि पदराशी चाळा तर मुळीच करत नाही. पाण्याचंही तसंच. नळ रोज येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस असेल तर लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलली जातात. कथानकाला असा अडथळा फुकट मिळतो, तो वापरा.

सगळ्यात जास्त बिघडते ती भाषा. पूर्व भागातल्या पद्मशाली या विणकर समाजाच्या घरात तेलुगू, इतरत्र कन्नड, दखनी, मराठी. लेखक मात्र सगळ्यांच्या तोंडी सिनेमातली एकच 'गावरान' बोली घालतो. प्रत्येक पात्राविषयी ठरवा: घरी कोणती भाषा, मालकाशी कोणती, रागाच्या भरात कोणती? पानाला दोन-तीन तेलुगू शब्द पुरेत. अर्थ प्रसंगातून कळू द्या. कंसात दिलात की पात्र परकं होतं.

साल पक्कं करा. पहिली कापड गिरणी 1877 ची, इंग्रजांनी शहरात लावलेला मार्शल लॉ मे 1930 मधला. 2010 च्या कथेत तोवर बंद पडलेल्या लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा वाजला तर सोलापूरकर पुढे वाचणार नाही. तिथे यंत्रमागाचा खडखडाट हवा.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मिरवणुकीतले सात उंच नंदीध्वज, ते पेलणाऱ्यांचे पांढरे बंदांचे अंगरखे म्हणजे बाराबंद्या: हे सगळं इतकं देखणं आहे की पानंच्या पानं खातं. एका परिच्छेदात आटपा, आणि पात्राला तिथे बघ्या ठेवू नका, खेळण्यांचं दुकान लावायला लावा.

खर्डा झाला की सोलापूर खोडून सांगली लिहा आणि वाचा. जी पानं तरीही बिनतक्रार चालतील, ती पुन्हा लिहायची.