कडा करप्याच्या जिवाणूचा जीनोम वाचताना या चुका टाळा

भाताचे पान टोकाकडून पिवळे पडत, नागमोडी कडेने खाली वाळत येते, त्या रोगाला आपल्याकडे कडा करपा म्हणतात. तो ज्यामुळे होतो त्या झँथोमोनास ओरायझी पॅथोव्हार ओरायझी या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरमाला, २००५ सालीच प्रसिद्ध झाला, आणि आता सिक्वेन्सिंग (ही अक्षरे यंत्राने वाचणे) स्वस्त झाल्यामुळे विद्यार्थीसुद्धा आपापले स्ट्रेन (या जिवाणूचे वाण) वाचून घेतात. अडचण अशी, की या जिवाणूची रोगकारकता ज्या जनुकांवर अवलंबून असते, नेमकी तीच यंत्राला नीट वाचता येत नाहीत.

पहिली चूक मात्र त्याआधी, पेट्री डिशवरच होते. पिवळी, चिकट वसाहत दिसली की ती झँथोमोनासचीच असे गृहीत धरून डीएनए काढला जातो. भाताच्या पानावर पॅन्टोइया हा पिवळा जिवाणूही राहतो; तो एका दिवसात वाढतो, तर झँथोमोनासच्या वसाहती दिसायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे घाईने उचललेली वसाहत अनेकदा भलतीच निघते. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात उभा धरावा, म्हणजे कापलेल्या कडेतून जिवाणूंचा दुधाळ धागा उतरताना दिसतो. असेंब्ली (वाचलेले तुकडे संगणकाने जुळवून केलेला जीनोम) हाती आल्यावर जीसीचे, म्हणजे डीएनएतील जी आणि सी या अक्षरांचे, प्रमाणही पाहावे. ते ६४ टक्क्यांच्या आसपास हवे. काही कॉन्टिग (जुळवलेले सलग पट्टे) ५३-५४ टक्क्यांचे निघाले, तर संवर्धन मिश्र असल्याची शंका घ्यावी.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे केवळ १५० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) छोट्या रीडवर, म्हणजे यंत्राने एका दमात वाचलेल्या तुकड्यांवर, विसंबून राहणे. या जिवाणूची मुख्य हत्यारे म्हणजे टाल इफेक्टर ही, भाताच्या पेशीत शिरून तिची जनुके चालू करणारी, प्रथिने होत. त्यांच्या मधल्या भागात ३४ अमिनो आम्लांचा, म्हणजे १०२ बेसचा, एकच तुकडा पुन:पुन्हा येतो, आणि त्यातील १२ व्या व १३ व्या अमिनो आम्लावरून ते प्रथिन भाताच्या डीएनएवर कोठे बसणार हे ठरते. हा संकेत २००९ साली उलगडला. फिलिपिन्सच्या पीएक्सओ९९ए या स्ट्रेनमध्ये अशी १९ जनुके आहेत, आणि त्यांपैकी एकट्या पीटीएचएक्सओ१ मधील साडेतेवीस तुकड्यांची लांबी सुमारे २,४०० बेस भरते. छोटी रीड हा पल्ला ओलांडू शकत नाही, म्हणून संगणक वेगवेगळी जनुके एकावर एक रचतो. एखाद्या तुटक कॉन्टिगवर रीडची संख्या सरासरीच्या कित्येक पट दिसली, तर हाच प्रकार झाला असे समजावे. त्यावर लांब रीड हाच उपाय आहे; परंतु नॅनोपोअर या लांब रीड देणाऱ्या तंत्रात एखादा बेस निसटला तरी जनुकाची चौकट (अक्षरे तीन-तीनच्या गटांत वाचण्याची मांडणी) सरकते, आणि छोट्या रीडने दुरुस्ती करताना त्या चुकीच्या प्रतीवर जाऊन बसतात. बॅमएच-वन या एन्झाइमने डीएनए कापून केलेला सदर्न ब्लॉट (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून हवे ते ओळखण्याची चाचणी) जुनाट वाटेल, पण जनुकांची संख्या पडताळण्यासाठी मी अजूनही त्याच्यावरच विश्वास ठेवतो.

याच्या उलट चूकही होते. शेपूट तुटलेले टाल जनुक निकामी ठरवून यादीतून काढून टाकले जाते. पीएक्सओ९९ए मधील टाल३ए आणि टाल३बी अशीच आखूड आहेत, आणि भाताच्या एक्सए१ या प्रतिकारक जनुकाला निष्प्रभ करण्याचे काम तीच करतात, हे २०१६ साली दाखवले गेले.

जनुक सापडले म्हणजे रोगकारकता सिद्ध झाली, असेही नाही. पीटीएचएक्सओ१ भाताचे ओएसस्वीट११ हे जनुक चालू करून साखर बाहेर सोडायला लावते. पण एक्सए१३ हे प्रतिकारक जनुक असलेल्या आयआरबीबी१३ या भाताच्या वाणात त्याची बसण्याची जागाच बदललेली असल्यामुळे, याच वाणावर चाचणी घेतल्यास ते जनुक निरुपयोगी वाटेल. म्हणून ते जनुक काढलेला आणि परत घातलेला, असे दोन्ही स्ट्रेन आयआर२४ सारख्या रोगाला बळी पडणाऱ्या वाणावर तपासावेत. जिवाणूच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानाची टोके छाटावीत, साध्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीनेही काही पाने छाटावीत, आणि चौदा दिवसांनी डागांची लांबी मोजावी. वारंवार पुनर्संवर्धन केलेला स्ट्रेन येथे हमखास दगा देतो, तेव्हा उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये ठेवलेल्या मूळ साठ्यातूनच सुरुवात करावी, आणि डीएनएही त्याच साठ्यातून काढलेला असावा.