आयसीवरचा नंबर वाचायचाय? घड्याळजीचं भिंग घ्या

सर्किट बोर्डावरच्या आयसीचा (काळ्या चिपचा) नंबर टिपायला मोबाइल जवळ नेला की फोटो धूसर. मॅक्रो लेन्स नको. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं १० पटीचं भिंग पुरतं.

१. भिंग मुख्य कॅमेऱ्याला चिकटवून धरा.
२. आयसीपासून इंचभरावर आणा, मग मोबाइलच केसभर वर-खाली करा. कोपरं टेबलावर टेकवा, टायमर ३ सेकंद, हात थरथरतोच.
३. फ्लॅश बंद. टॉर्च बाजूने, अगदी तिरका मारा. एरवी काळा ठोकळा दिसणाऱ्या चिपवर ‘एलएम३५८’सारखा नंबर उमटतो. नाहीच दिसलं, तर खडू हलकेच घासून बोटाने पुसा.

पॉवर सप्लायचा बोर्ड असेल तर जपून: प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो.