परदेशात आयरिश किराणा कसा शोधायचा: चहा, रॅशर्स, टेटो आणि ब्राऊन ब्रेड

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आठ वर्षं राहून आम्ही न्यू जर्सीला आलो आणि पहिल्याच आठवड्यात घरात रडारड झाली ती चहावरून. मुलगी तिथेच लहानाची मोठी झालेली, शाळेतून आल्यावर तिला बॅरीजचा दुधाचा चहा आणि सोबत टेटोच्या क्रिस्प्सचं, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सचं, पाकीट लागायचं, आणि इथे जो टी-बॅगवाला चहा आणला त्यात दूध घातलं की नुसतं करडं पाणी. तेव्हापासून मी या शोधात आहे, आणि आयर्लंडहून इकडे आलेलं कुणीही भेटलं की तिकडचा किराणा इथे कुठे मिळतो हाच पहिला प्रश्न असतो म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सुरुवात यादीपासून करा, पण यादीचे दोन भाग करा. एका भागात ज्याला खरंच पर्याय नाही ते, म्हणजे चहा, टेटो, रॅशर्स म्हणजे बेकनचे काप, आणि पुडिंग, हे गोड नव्हे, सॉसेजसारखं मांसाचं. दुसऱ्यात जे इथेही मिळतं किंवा घरी होतं ते. फ्लॅहवन्सचे ओट्स मला फार आवडतात, पण त्यासाठी पार्सलचा खर्च करू नका, कुठलेही चांगले रोल्ड ओट्स मंद आचेवर शिजवले की काम होतं. लोणी तर सोप्पंच, केरीगोल्ड अमेरिकेत जवळपास प्रत्येक मोठ्या सुपरमार्केटमध्ये असतं, सोनेरी पाकीट मिठाचं आणि चंदेरी बिनमिठाचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

चहा. बॅरीज ही कॉर्कची कंपनी, १९०१ पासूनची, आणि त्यांच्या मिश्रणात केनिया, रवांडाबरोबर आसामचा चहाही असतो, म्हणूनच मला वाटतं आपल्याला तो पहिल्या घोटालाच आपलासा वाटतो, दूध घातलं तरी रंग टिकतो. लाल डबा म्हणजे गोल्ड ब्लेंड, हिरवा म्हणजे ओरिजिनल, आमच्याकडे लालच चालतो. सुपरमार्केटमध्ये चहाच्या रांगेत शोधत बसू नका, इंटरनॅशनलवाल्या रांगेत जा, तिथे बऱ्याचदा ब्रिटिश अशी पाटी असते आणि आयरिश माल त्यातच खालच्या फळीवर ठेवलेला असतो. नसेल तर काउंटरवर सांगून ठेवा, दोनतीनदा विचारलं की काही मॅनेजर मागवून देतात, आमच्या इथल्याने दिला.

टेटो घेताना मात्र पाकीट उलटं करून बघायचं. टेटो नावाच्या दोन वेगवेगळ्या कंपन्या आहेत हे मला कॉर्क सोडेपर्यंत माहीत नव्हतं. एक जो मर्फी यांनी १९५४ मध्ये डब्लिनला सुरू केलेली, चीज अँड अनियन क्रिस्प्स त्यांनीच आणले, त्यांचा माल आता मीथ काउंटीतल्या अ‍ॅशबर्नला बनतो. दुसरी उत्तर आयर्लंडची, टँड्रागीच्या किल्ल्यातली. चव वेगळी आहे, आणि ज्याच्या जिभेला एक बसलीय त्याला दुसरी चालत नाही, माझ्या मुलीने डोळे मिटून ओळखून दाखवलंय. तेव्हा मागे अ‍ॅशबर्न लिहिलंय का टँड्रागी ते वाचा आणि मग घ्या.

हीच सवय कॅडबरीसाठी. आयर्लंडमध्ये आपण जी डेअरी मिल्क खायचो ती डब्लिनच्या कूलॉकमधल्या फॅक्टरीतली. अमेरिकेत त्याच नावाने जी मिळते ती हर्शी कंपनी लायसन्सवर इथेच बनवते, जांभळं रॅपर तेच पण चव ती नाही. आयात केलेली हवी असेल तर आयरिश दुकानात विचारा आणि रॅपरवर कुठे बनवलंय ते बघूनच पैसे द्या.

आता मांस. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत बेकन म्हणजे पोटाकडचं, चरबीच्या पट्ट्यांचं, तव्यावर कडक होणारं. आयरिश रॅशर पाठीकडचा असतो, रुंद, मऊ, कडेला चरबीची एकच पट्टी. लेबलवर बॅक बेकन किंवा आयरिश स्टाईल असं शोधा. कॅनेडियन बेकन म्हणून जे गोल तुकडे मिळतात ते हॅमसारखे लागतात, मी एकदा आणले आणि परत नाही आणले.

न्यूयॉर्कच्या जवळपास असाल तर एक शनिवार काढून ब्राँक्समधल्या वुडलॉनला जा, कटोना अ‍ॅव्हेन्यूवर. क्वीन्समध्ये सनीसाइड, बोस्टनला डॉर्चेस्टर, लंडनमध्ये किलबर्न आणि क्रिकलवुड, हे सगळे आयरिश लोकांचे जुने भाग. मी वुडलॉनला पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या आजींनी विचारलं किती जाड कापू, मी गप्प, मग त्यांनी एक रॅशर कापून हातात धरून उजेडाकडे दाखवला, म्हणाल्या पलीकडचा हात अंधुक दिसला पाहिजे पण बोटं मोजता येता कामा नयेत. तेव्हापासून मी तसंच सांगते. पुडिंगही तिथेच घ्या, काळं आणि पांढरं दोन्ही, पांढऱ्यात रक्त नसतं, ज्यांना काळं जमत नाही त्यांनी तिथून सुरुवात करा. घरी आल्यावर सहा-सहा रॅशर्स बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरला टाकायचे, सगळा गठ्ठा एकत्र गोठवला तर नंतर सुटत नाहीत.

मार्च महिना सोडू नका. १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे, त्याच्या दोनतीन आठवडे आधीपासून साध्या सुपरमार्केटमध्येही आयरिश चीज, सॉसेज, बिस्किटं दिसायला लागतात, आणि दिवस उलटला की उरलेलं स्वस्तात काढतात. चहा आणि टिकाऊ माल तेव्हाच भरून ठेवायचा. कॉर्न्ड बीफचे, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचे, ढीग मात्र बाजूला ठेवा, ती अमेरिकेतल्या आयरिश लोकांची पद्धत, तिकडे घरात शिजतं ते बेकन अँड कॅबेज.

ऑनलाइन मागवताना माल कुठून निघणार ते आधी बघा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी माफ होती, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे ज्यांचं गोडाऊन अमेरिकेतच आहे त्या आयातदाराकडून घेणं सोयीचं पडतं. तुम्ही जर्मनी, नेदरलँड्सकडे असाल तर थेट आयर्लंडमधल्या दुकानातून मागवा, दोन्ही युरोपियन युनियनमध्ये म्हणून कस्टम्सचा प्रश्न नाही, तेच पार्सल ब्रिटनमधून आलं तर ब्रेक्झिटनंतर कस्टम्समधून जातं आणि रॅशर्स, चीज वगैरे तर येऊच देत नाहीत. आणि उन्हाळ्यात चॉकलेट किंवा मिकाडो बिस्किटं मागवू नका, कळकळीने सांगते. एका दुकानाने मला जुलैत मिकाडो पाठवले, डबा उघडला तर मार्शमेलो आणि जॅम वितळून सगळ्या बिस्किटांची एक वीट झालेली, वर तारीख संपायला तीन आठवडे. ऑर्डरच्या आधी तारीख विचारून घ्या, चांगले दुकानदार सांगतात.

कुणी आयर्लंडहून येणार असेल तर चहा, क्रिस्प्स, बिस्किटं, बॅलीमलू रेलिश, म्हणजे टोमॅटोची चटणी, एवढंच सांगा. रॅशर्स, सॉसेज, पुडिंग आणायला लावू नका, आणि जे काही खायचं आणलंय ते सगळं कस्टम्सला जाहीर करायला सांगा. डब्लिन आणि शॅननला अमेरिकेची इमिग्रेशन-कस्टम्स तपासणी विमानात चढायच्या आधीच होते, तेव्हा प्रश्न तिथेच विचारतात. रेलिशची बरणी चेक-इन बॅगेत, कपड्यात गुंडाळून.

राहिला ब्राऊन ब्रेड, तो घरीच करा. तिकडे ज्याला ब्रेड सोडा म्हणतात तो आपला खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नाही. २२५ ग्रॅम जाडसर गव्हाचं पीठ, २२५ मैदा, एक छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा मीठ, साधारण ४०० मिली बटरमिल्क. पोळ्यांची कणीक फार बारीक असते, तीच वापरायची तर मूठभर कोंडा घाला. बटरमिल्क नसेल तर दाट आंबट ताक चालतं, पातळ ताकाने गोळा पसरतो. मळायचं अजिबात नाही, हाताने जेमतेम एकत्र करायचं, वरून सुरीने खोल फुली मारायची आणि ओव्हनमध्ये २०० डिग्री सेल्सियसला ४० ते ४५ मिनिटं. काढल्यावर उलटा करून तळाला टकटक करा, पोकळ आवाज आला तर झाला, नाही आला तर उलटाच परत पाच मिनिटं आत. मग ओल्या पंचात गुंडाळून ठेवा म्हणजे कडा मऊ राहतात, आणि पहिला तुकडा गरम असतानाच केरीगोल्ड लावून.