‘बूका’ मोजून मी कशी फसले: नॉर्वेजियन बोलींतील लिंगबदलाच्या नव्या अभ्यासकांसाठी

नॉर्वेजियन बोलींमधील लिंगबदलावर, म्हणजे नामांची व्याकरणातली लिंगे बदलण्यावर, प्रबंध लिहायला घेतला तेव्हा माझी अशी समजूत होती की, मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा विषय निम्मा येतच असतो. लिंगे तिकडेही तीन आणि आपल्याकडेही तीन. नामाचे लिंग बहुधा पाठच करावे लागते, हेही आपल्याला नवे नाही. या समजुतीपायी माझ्या कामाचे आठ महिने चुकीच्या वाटेने गेले.

मूळ चित्र तुम्हाला ठाऊक असेलच. पुल्लिंगी ‘एन बील’ (एक गाडी), स्त्रीलिंगी ‘एइ बूक’ (एक पुस्तक) आणि नपुंसकलिंगी ‘एत हूस’ (एक घर). निश्चित रूपे, म्हणजे ‘ती (ठरावीक) गाडी’ अशा अर्थाची प्रत्यय लागलेली रूपे, अनुक्रमे ‘बीलेन’, ‘बूका’ आणि ‘हूसे’. बर्गेनची गोष्ट त्यातल्या त्यात सरळ आहे. हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या काळात लो जर्मन भाषेशी दीर्घ संपर्क आलेल्या या शहराच्या बोलीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग केव्हाच एक झाले आणि तिथे ‘बूका’ न म्हणता ‘बूकेन’ म्हणतात. उपपद (नामाआधीचे एन, एइ, एत) आणि प्रत्यय दोन्ही एकाच बाजूला झुकलेले असल्यामुळे तिथे नवखा माणूस फसत नाही. तो फसतो ऑस्लो, ट्रॉन्डहाइम आणि ट्रॉम्सो येथे.

मी ट्रॉम्सोकडील तरुणांची ध्वनिमुद्रणे ऐकून प्रत्येक ‘बूका’समोर निष्ठेने ‘स्त्रीलिंग’ असे नोंदवत गेले. यूलिया रोदिना आणि मारित वेस्टरगार्ड यांनी २०१५ साली ट्रॉम्सोतील स्त्रीलिंग लोप पावत असल्याचे दाखवले होते. माझा तक्ता मात्र ते धडधाकट असल्याचे सांगत होता, आणि आपण प्रस्थापित निष्कर्ष खोडून काढला, या आनंदात मी एक प्रकरण लिहूनही टाकले. माझ्या मार्गदर्शिकांनी ते वाचून एकच प्रश्न विचारला: ‘यात एइ किती?’ मी मोजायला बसले, आणि तरुणांच्या बोलण्यात ‘एइ’ जवळपास सापडेचना. ते ‘एन बूक’ म्हणत होते आणि पुढच्याच वाक्यात ‘बूका’ म्हणत होते.

इथे सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथेच आहे. लिंग नामाच्या शेपटीत नसते. ते नामाबरोबर येणाऱ्या इतर शब्दांच्या वागण्यात दिसते, अशी व्याख्या भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ मध्येच करून ठेवली आहे. मराठीतच पाहा: माळी, पोळी आणि पाणी हे तिन्ही शब्द ईकारान्त आहेत, परंतु आपण चांगला माळी, चांगली पोळी आणि चांगले पाणी म्हणतो. उलट माळ्याला आणि पाण्याला ही रूपे एकाच चालीने होतात, म्हणून कोणी या दोन नामांचे लिंग एक मानत नाही. शब्द चालवण्याचा गट वेगळा आणि लिंग वेगळे. हे मला शाळेपासून येत होते, तरी परक्या भाषेत मी शेपटी पाहून लिंग ठरवले. नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ हेल्गे लोड्रुप यांनी २०११ मध्ये ऑस्लोच्या बोलीविषयी हेच मांडले होते: ज्यांच्या तोंडी ‘एन बूक’ आणि ‘बूका’ ही जोडी आहे, त्यांच्या बोलीत ‘-आ’ हा स्त्रीलिंगाचा पुरावा राहत नाही, तो एका नामगटाचा प्रत्यय तेवढा उरतो. मी तो लेख वाचला होता, पण घाईने.

याच खड्ड्याला आत आणखी एक खड्डा आहे. तोच तरुण पुल्लिंगी ‘मिन’ वापरून ‘मिन बूक’ (माझे पुस्तक) म्हणतो, पण ‘माझे’ हा शब्द नामानंतर आला की स्त्रीलिंगी ‘मी’ वापरून ‘बूका मी’ म्हणतो, आणि आपल्याला वाटते की स्त्रीलिंग सापडले. लोड्रुप यांच्या मते नामानंतरचे हे ‘मी’ स्वतंत्र शब्दापेक्षा प्रत्ययासारखे वागते. मला हे पटते. तुम्हाला पटले नाही तरी त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा.

घाबरून विषय सोडू नका; स्त्रीलिंग का लोपते हे कळले की नोंदी आपोआप सुधारतात. बहुतेक विशेषणे पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात सारखीच असतात: ‘स्तूर बील’ (मोठी गाडी), ‘स्तूर बूक’, पण ‘स्तूर्त हूस’. पुल्लिंगी ‘लीतेन’ आणि स्त्रीलिंगी ‘लीता’ (लहान) यांसारखा भेद विरळा. निश्चित प्रत्यय मुले लवकर उचलतात, पण स्त्रीलिंग वेगळे असल्याचा पुरावा त्यांच्या कानावर फारसा पडतच नाही. उत्तरेकडील कोफ्योर्डसारख्या भागात सामी आणि क्वेन या लिंगभेद नसलेल्या भाषांचा शेजार आहे, त्यामुळे तिथली कारणे शहराच्या मापाने मोजू नयेत.

शब्दकोशातून लिंग उचलून तक्ता भरण्याची युक्ती मला एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने शिकवली होती. ती करू नका. बूकमोल या लेखनप्रमाणात बहुतेक स्त्रीलिंगी नामे पुल्लिंगीही चालवता येतात, न्यूनॉर्स्क या दुसऱ्या लेखनप्रमाणात तिन्ही लिंगे पाळावी लागतात, आणि बोलणारा या दोहोंना विचारून बोलत नाही. ‘तुम्ही एइ वापरता का?’ असे थेट विचारणेही व्यर्थ आहे, कारण लोक आपल्या आजीची बोली आपली म्हणून सांगतात. चित्र दाखवा, आधी विशेषणासह अनिश्चित रूप काढून घ्या, मग निश्चित रूप, आणि दोन्ही एकाच व्यक्तीकडून व एकाच नामाची घ्या. मोकळ्या गप्पांत अनिश्चित एकवचनी स्त्रीलिंगी नामे इतकी थोडी येतात की केवळ कॉर्पसवर, म्हणजे साठवलेल्या संभाषणांच्या संग्रहावर, विसंबून चालत नाही. मार्गदर्शक निवडायचा असेल तर कौतुक करणाऱ्यापेक्षा मोजायला लावणारा निवडा, हे माझे मत थोडे कडवट आहे, याची मला जाणीव आहे.

माझी ध्वनिमुद्रणे वाया गेली नाहीत. नोंदी तेवढ्या चुकल्या होत्या, आणि त्या पुन्हा करायला पाच आठवडे पुरले. त्या फेरतपासणीत एकाच घरातली एक आजी आणि तिची नात मला नव्याने ऐकू आल्या. चित्रातल्या लहानशा पुस्तकाला आजी ‘एइ लीता बूक’ म्हणाली आणि नात ‘एन लीतेन बूक’ म्हणाली. नंतर ते पुस्तक कुठे ठेवले आहे, हे सांगताना दोघीही ‘बूका’च म्हणाल्या.